‘समाप्त’ हा शब्द परत छापा : एका कादंबरीमालेच्या लेखक-प्रकाशकांना खुले पत्र

आदरणीय लेखकमहोदय आणि प्रकाशकमहोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या अद्भुतरम्य कादंबरीमालेचा पाचवा भाग गेल्या महिन्यात मी नव्याने विकत घेतला. आमच्या वाचनालयातली जुनी प्रत सहा वर्षे हातोहात फिरून इतकी खिळखिळी झाली होती की दोनदा बाइंडिंग करूनही तिची पाने निसटत होती. म्हणून दुसरी प्रत आणली, तिला खाकी कव्हर घातले, दाखल नोंदवहीत क्रमांक टाकला आणि नेहमीच्या सवयीने शेवटच्या पानावर वाचनालयाचा शिक्का मारायला गेले, तेव्हा त्या पानावर ‘समाप्त’ हा शब्द नसल्याचे माझ्या लक्षात आले. जुन्या प्रतीत शेवटच्या ओळीखाली दोन बोटे जागा सोडून, पानाच्या मध्यावर, तो एकटाच छापलेला आहे. नव्या आवृत्तीत त्याच जागी ‘कथा पुढे चालू, भाग सहावा’ असे छापले आहे आणि त्याला लागून सहाव्या भागाचे पहिले प्रकरण जोडले आहे. कथेची शेवटची ओळ दोन्ही प्रतींत अक्षरशः तीच आहे. तरीही ही दोन पुस्तके एक नाहीत, आणि ती एक का नाहीत हे आपल्यापुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मालेचे, आपले आणि आपल्या संस्थेचे नाव मी मुद्दाम घेतलेले नाही. कोणाची बदनामी व्हावी अशी माझी इच्छा नाही, आणि ज्यांनी हे पाच भाग वाचले आहेत त्यांना नावाची गरज पडणार नाही.

सांगलीच्या गावभागात माझ्या वडिलांनी सुरू केलेले एक लहान वाचनालय मी चालवते. दोन खोल्या, भिंतीला लागून लाकडी कपाटे, दारात एक टेबल आणि देवघेवीची नोंदवही, एवढाच पसारा. वर्गणीदारांत निम्मे निवृत्त आणि निम्मे शाळकरी आहेत. मधल्या वयाची माणसे दिवाळी अंकांपुरती येतात. आपला पहिला भाग आला तेव्हा, मराठीत मुलांसाठी इतकी ऐसपैस, आपल्याच मातीतली अद्भुतकथा कोणीतरी लिहिली आहे, या आनंदात मी त्याच्या दोन प्रती घेतल्या होत्या. एका पुस्तकाच्या दोन प्रती घेणे आमच्यासारख्या वाचनालयाला परवडत नाही, तरी घेतल्या, आणि पुढच्या प्रत्येक भागाच्या घेत गेले. यावरून माझी तक्रार दुरून पाहणाऱ्या माणसाची नाही, हे आपल्या ध्यानात यावे.

ज्यांनी ही माला वाचलेली नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगणे भाग आहे. सात बारवांचे, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींचे, ते राज्य. त्या बारवांच्या पाण्यात सामर्थ्य आहे, परंतु जो कोणी तळाशी उतरून ओंजळभर पाणी पितो त्याची एक आठवण बारव ठेवून घेते आणि ती कधीही परत देत नाही. या एका नियमावर सारी माला उभी आहे. पहिल्या भागाच्या पहिल्याच पानावर एक म्हातारा नावाडी आहे, जो नावेत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला आधी त्याचे नाव विचारतो आणि पैलतीरावर उतरवताना त्याच नावाने निरोप देतो. पाचव्या भागाच्या शेवटी नायिका सातवी बारव कायमची बुजवते आणि त्याची किंमत म्हणून स्वतःचे नाव देऊन टाकते. आईलाही ती ओळखू येत नाही. ती नदीकाठी येते तेव्हा नावाडी पहिल्यांदाच कोणाला नाव न विचारता हात पुढे करतो, आणि नाव काठापासून सुटल्यावर ती त्याला विचारते, “बाबा, तुमचं नाव काय?” इतकी वर्षे सगळ्यांची नावे विचारणाऱ्या त्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. तो नाव सांगतो. आपण ते वाचकाला सांगत नाही. नाव पुढे जाते. समाप्त.

हे मी आपल्यालाच सांगत आहे याची मला जाणीव आहे. तरीही सांगते, कारण सहावा भाग वाचल्यावर आपण हे विसरला आहात की काय, अशी शंका माझ्या मनात आली.

त्या शेवटाने सांगलीत काय केले, ते आता सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली आणि आमचा गावभाग दिवसचे दिवस पाण्याखाली होता. वाचनालयातल्या कपाटांचे वरचे दोन कप्पे सोडले तर बाकी सगळे भिजले. पाणी ओसरल्यावर दार उघडले तेव्हा फुगलेल्या पुस्तकांनी कपाटांच्या फळ्या वाकवल्या होत्या, आणि चिखलाचा तो वास पुढचे तीन महिने भिंतींतून गेला नाही. आपल्या मालेच्या चार भागांच्या आठ प्रतींपैकी माझ्याकडे होत्या त्या सगळ्या गेल्या. वाचली ती चौथ्या भागाची एक प्रत, कारण ती एका वर्गणीदाराच्या घरी होती. तो मुलगा तेव्हा सहावीत होता. त्याच्या घराच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून त्याला आणि आजीला बोटीत उतरवून घेतले गेले, तेव्हा दप्तराऐवजी त्याच्या छातीशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले ते पुस्तक होते. पंधरा दिवसांनी त्याने ते मला आणून दिले. उशीर झाल्याचा दंड किती झाला, असेही त्याने विचारले.

त्या वर्षीच्या दिवाळीत पाचवा भाग आला. पुस्तकांसाठी पैसे नव्हते, पण वर्गणीदारांनी आपापसात गोळा करून त्याची प्रत आणून दिली. आज खिळखिळी झालेली प्रत ती हीच. तो मुलगा ती घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी परत घेऊन आला. पुस्तक टेबलावर ठेवून तो जरा वेळ तसाच उभा राहिला आणि म्हणाला, “काकू, आम्हाला बोटीतून नेलं ना, त्या काकांचं नाव मी विचारलंच नाही.”

लेखकमहोदय, आपल्याला अनेक पुरस्कारांच्या वेळी अनेकांनी पुष्कळ काही सांगितले असेल. आपल्या लेखणीने या गावात काय घडवले याचा माझ्यापाशी असलेला दाखला हा एवढाच आहे, आणि माझ्या मते तो पुरेसा आहे.

चार वर्षांनी सहावा भाग आला. जाहिरात वाचली तेव्हाच मनात चुकचुकले होते, तरी दोन प्रती घेतल्या. वाचायला बसले आणि सदतिसाव्या पानावर नावाड्याचे नाव समजले. तो परागंदा झालेला राजपुत्र निघाला. पुढे शंभर पानांच्या आत नायिकेच्या आजीने कधीकाळी कोरून ठेवलेला एक ताम्रपट सापडला आणि त्यावरून नायिकेला तिचे नाव, तिच्या आईला तिची ओळख आणि सगळ्या राज्याला तिची आठवण परत मिळाली. त्यानंतर सातवी बारव पुन्हा उघडली, कारण ती उघडल्याशिवाय उरलेल्या तीनशे पानांत घडण्यासारखे काही नव्हते. मेलेल्या खलनायकाला एक भाऊ होता, हेही आम्हाला इथे पहिल्यांदा कळले.

भाषा तीच आहे. वर्णनेही सुरेख आहेत. पाचव्या प्रकरणातले पावसाळी जंगल तर आपल्याशिवाय कोणी लिहू शकले नसते. त्यामुळे हे पुस्तक वाईट लिहिले आहे, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे वेगळे आणि अधिक गंभीर आहे. या सहाव्या भागाने पाचवा भाग माझ्या हातून काढून घेतला. बारव आठवण परत देत नाही, हा नियम आपण केला होता. त्या नियमाच्या भरवशावर आम्ही पाच भाग त्या मुलीच्या प्रत्येक ओंजळीला श्वास रोखून धरला, आता हिचे काय जाणार म्हणून जीव खालीवर केला. ती किंमत एका ताम्रपटाने परत मिळणार होती, तर ती कधी दिलीच गेली नव्हती. आज पहिला भाग पुन्हा वाचताना ती पहिल्या बारवेत उतरते आणि वडिलांचा आवाज विसरते, तेव्हा पूर्वीसारखे पोटात कालवत नाही. मनात येते, मिळेल कुठेतरी ताम्रपट. पुढचा भाग मागच्या भागांना हात लावत नाही, नको असेल त्याने वाचू नये, असे आपल्या वतीने काही जण म्हणतात. त्यांनी हा अनुभव घेऊन पाहावा. गोष्टीच्या पुढे जोडलेले मागे झिरपते, पुराचे पाणी जसे न बुडालेल्या भिंतीतही वर चढते तसे.

आमच्याकडे पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला परतीच्या तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. पाचव्या भागाच्या चिठ्ठ्या मी चार वेळा बदलल्या. सहाव्या भागाच्या चिठ्ठीवर पहिल्या दोन महिन्यांत अकरा तारखा पडल्या आणि मग ती थांबली. एका प्रतीत एसटीचे तिकीट खुणेसाठी घातलेले राहून गेले आहे, पान ११२ वर, म्हणजे ताम्रपट सापडतो त्या प्रकरणात. वाचकाने तिथे पुस्तक मिटले आणि तसेच परत केले. ते तिकीट मी काढलेले नाही.

गोष्ट कुठे संपवावी, हे आपल्या परंपरेला ठाऊक नव्हते असे नाही. श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेल्या प्रत्येक मुलाला, गोष्ट कितीही वळणे घेत गेली तरी ती ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ या शब्दांशी येऊन थांबणार, हे माहीत असते. ‘संपूर्ण’ या शब्दाच्या आधी ‘सुफळ’ येतो, ही मला फार अर्थपूर्ण गोष्ट वाटते. फळ धरले म्हणून गोष्ट पुरी झाली. त्याच कहाण्यांत वसा घेणाऱ्याला बजावलेले असते की उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको. आपण ज्या नियमाने माला सुरू केलीत तो आपला वसा होता.

आमच्या सांगलीला तर हे विशेष कळावे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी इथेच ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. पुढे वनवास आहे, हरण आहे, युद्ध आहे, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ असताना आख्यान मात्र स्वयंवराचे होते. शेजारच्या मिरजेत दर्ग्याच्या उरुसात रात्रभर गाणे चालते. पहाटे भैरवी झाली की तंबोरे खाली ठेवले जातात. श्रोता कितीही अतृप्त असला तरी भैरवीनंतर कोणी पुन्हा यमन मागत नाही, आणि मागितला तरी गाणारा गात नाही. ती अतृप्ती घरी घेऊन जाण्यासाठीच असते.

पण सर्वांत मोठे उदाहरण आमच्याच जिल्ह्यातल्या माणसाचे आहे. ग. दि. माडगूळकर शेटफळ्याचे आणि माडगूळचे. त्यांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत घेऊन पुणे आकाशवाणीने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, ‘गीतरामायण’ सुरू केले. आठवड्याला एक गीत याप्रमाणे वर्षाची ५२ गीते व्हायची होती. त्या वर्षी अधिक मास आल्याने ती ५६ झाली आणि पुढच्या रामनवमीला, १९ एप्रिल १९५६ रोजी, मालिका संपली. लोक रेडिओपुढे हार-फुले ठेवून बसत होते, असे आमच्या घरातली वडील माणसे सांगत. त्या लोकप्रियतेच्या बळावर आणखी वर्षभर गीते सहज चालली असती. परंतु पहिल्या गीतात कुश-लव रामापुढे रामायण गातात आणि छपन्नाव्या गीतात वाल्मीकी त्याच मुलांना रामायण गाण्याची आज्ञा देतात. शेवट सुरुवातीला येऊन मिळाला, वर्तुळ पुरे झाले, आणि तिथेच ते थांबले. वाढवले ते पंचांगाने मागितले तेवढेच. आपल्या मालेचेही वर्तुळ असेच पुरे झाले होते. नावाड्याच्या प्रश्नाने ती सुरू झाली आणि नावाड्याला विचारलेल्या प्रश्नाने संपली. हे आपल्या हातून नकळत घडले असेल, असे मला वाटत नाही.

हा विषय वाचनालयात निघाला तेव्हा संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या एका ज्येष्ठ वर्गणीदारांनी आक्षेप घेतला की मग रामायणाच्या उत्तरकांडाचे काय? युद्धकांडाच्या अखेरीला राज्याभिषेक होतो, फलश्रुती येते, म्हणजे ग्रंथ तिथे पुरा झालेला दिसतो. उत्तरकांड मागाहून जोडले गेले असे अनेक अभ्यासक मानतात. तरी ते टिकलेच. त्यांचा मुद्दा मी बरेच दिवस मनात घोळवला, आणि माझे उत्तर असे आहे. उत्तरकांडाने रामाला काही परत केले नाही. युद्धाची जी किंमत सीतेने दिली होती तिच्यावर आणखी किंमत चढवली, इतकी की ती शेवटी धरणीच्या पोटात गेली. ते आवडो वा न आवडो, त्यात आधीच्या दुःखाची वजाबाकी नाही. म्हणून पुढे लिहूच नये असा माझा हट्ट नाही. दिलेली किंमत परत फिरवू नये, एवढेच माझे मागणे आहे.

परभाषेतही याची दोन्ही बाजूंची उदाहरणे आहेत, आणि ती आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असतील. अर्सुला ले ग्विन यांनी ‘अर्थसी’च्या पहिल्या तीन कादंबऱ्या १९६८ ते १९७२ या काळात लिहिल्या. तिसऱ्या कादंबरीच्या अखेरीस त्यांचा महाजादूगार जगाला वाचवताना आपली सारी विद्या गमावतो. चौथी कादंबरी त्यांनी १९९० साली, तब्बल अठरा वर्षांनी लिहिली. तोच माणूस तिथे पुन्हा येतो, आणि त्याची विद्या त्याला परत मिळत नाही. ती गेल्यावर साधा माणूस म्हणून जगायचे कसे, शेळ्या राखायच्या कशा, कोणाचा आधार घ्यायचा, हा त्या पुस्तकाचा विषय आहे. तिसरी कादंबरी त्यामुळे हलकी होत नाही, उलट तिचे वजन वाढते. टॉल्किन यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’नंतरच्या काळातली पुढची कथा लिहायला घेतली होती. थोड्याच पानांनंतर, हे लिहिण्याजोगे नाही असे ठरवून त्यांनी ती सोडून दिली. लिहू शकत असताना न लिहिणे, हेही लेखकाचे काम असते.

आणि तिसरे उदाहरण मुलांच्या पुस्तकमालेतल्या ओझ या भूमीचे, ज्याच्याकडे मी कठोर नजरेने पाहू शकत नाही. एल. फ्रँक बॉम यांनी १९०० साली पहिले पुस्तक लिहिले आणि १९१० च्या सहाव्या पुस्तकात ती अद्भुत भूमी एका मंत्राने जगाच्या नजरेआड करून माला संपवली. आता तिकडची खबर येणार नाही, असे मुलांना कळवून टाकले. पुढच्याच वर्षी त्यांचे दिवाळे निघाले. मुलांची पत्रे येत होती, इतर पुस्तके तितकी चालत नव्हती. १९१३ साली त्यांनी पुन्हा ओझ लिहायला घेतले. बिनतारी संदेशाने खबर मिळू लागली असे कारण दिले, आणि मरेपर्यंत ते लिहीत राहिले. त्यांच्या हातची चौदा पुस्तके झाली आणि त्यांच्यानंतर प्रकाशकाने दुसऱ्या लेखिकेकडून माला पुढे चालू ठेवली. चौदातली काही उत्तरकालीन पुस्तके गोड आहेत, असे मुलांचे मत आहे आणि ते मी मानते. पण नजरेआड झालेली भूमी एकदा परत दिसू लागली, की पुन्हा कधी ती नजरेआड झाली असे कोणी लिहिले तरी त्यावर विश्वास बसत नाही.

पैशाची बाजू मला समजते, प्रकाशकमहोदय, कारण मीही पुस्तकांवरच जगते. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती खपायला किती काळ लागतो, कागदाचे भाव कुठे गेले आहेत, आणि अशा वेळी जिच्या पुढच्या भागाची वाचक वाट पाहतात अशी एक माला हातात असणे म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको. या मालेच्या उत्पन्नातून आपण कितीतरी नवे कवी छापले असतील. सहावा भाग काढण्याच्या निर्णयामागे फक्त लोभ होता, असे मी म्हणणार नाही. वाचकांनीही मागणी केली होती, आणि त्यांत आमच्या वाचनालयातली मुलेही होती. पाचव्या भागानंतर आपल्याला पाठवलेल्या पोस्टकार्डांपैकी निदान सात मी स्वतः पेटीत टाकली आहेत. ‘पुढे काय झाले?’ असे त्यांत विचारले होते. आज मला वाटते, त्या मुलांना उत्तर हवे नव्हते. त्यांना तो प्रश्न कोणालातरी सांगायचा होता. मूल मागते म्हणून पाचवा लाडू देणारी आणि न देणारी, दोघीही आयाच असतात. पण आपण पाच भागांत पहिल्या प्रकारची आई लिहिली नव्हती.

सातव्या भागाची घोषणा येत्या दिवाळीसाठी झाली आहे. त्याआधी माझ्या विनंत्या आपल्यापुढे ठेवते. पाचव्या भागाच्या पुढच्या आवृत्तीत ‘समाप्त’ हा शब्द होता त्या जागी परत छापावा, आणि सहाव्या भागाचे प्रकरण तिथून काढावे. ज्याला पुढे वाचायचे आहे तो दुकानात विचारील. ही सर्वांत सोपी गोष्ट आहे, हिला खर्चही नाही, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची हीच आहे. सातवा भाग लिहून झाला असेल तर तो छापू नका असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. परंतु तो अजून लेखणीत असेल, तर त्या मुलीला आता तिच्या वाटेने जाऊ द्यावे. बारवांच्या त्या राज्यात दुसरी माणसे पुष्कळ आहेत. तिसऱ्या भागात दीड पानापुरती येऊन गेलेली, बारवेच्या पायऱ्या मोजणारी आंधळी बाई मला अजून आठवते. तिची गोष्ट आपण लिहिलीत, तिच्या वेगळ्या नियमाने, वेगळ्या किमतीने, तर त्या पुस्तकाच्या मी दोनच काय, तीन प्रती घेईन.

पुरात पुस्तक छातीशी धरून निघालेला तो मुलगा आता बारावीला आहे. क्लासमधून सवड काढून मागच्या उन्हाळ्यात त्याने सहावा भाग नेला होता. परत करताना तो फार बोलला नाही. नोंदवहीत सही करता करता म्हणाला, “काकू, नावाड्याचं नाव सांगायला नको होतं त्यांनी.” त्याच्या आवाजात राग नव्हता. आपले काहीतरी कोणीतरी दुसऱ्याला देऊन टाकल्यावर माणूस जसे बोलतो, तसे तो बोलला. आपल्यापर्यंत हे वाक्य पोहोचवण्याचे मी त्याला कबूल केले होते. ते आज पोहोचवले.

पाचव्या भागाची ती जुनी प्रत मी रद्दीत काढलेली नाही. निसटलेली पाने डिंकाने चिकटवून, वर नवा पुठ्ठा चढवून ती पुन्हा कपाटात ठेवली आहे, आणि जे वाचक या शेवटाशी पहिल्यांदाच येणार आहेत त्यांना मी तीच देते. नवी प्रत मागच्या ओळीत आहे. सध्या जुनी प्रत विश्रामबागेतल्या सातवीच्या एका मुलीकडे आहे. पहिले चार भाग तिने तीन आठवड्यांत संपवले. ती गुरुवारी पुस्तक परत आणील आणि शिरस्त्याप्रमाणे विचारील, “काकू, पुढचा भाग आहे का?” कपाटात तो आहे. तिला काय सांगायचे हे माझे अजून ठरलेले नाही, आणि ते ठरवण्याआधी आपल्याकडून चार ओळी आल्या, तर मी आपली ऋणी राहीन.

आपली एक जुनी वाचक,
गावभागातील एका वाचनालयाची चालक,
सांगली